नीलगिरीखालचा रंग

माझी बायको धम्मशीला गेली हे मला दुकानात कळलं. शाळेच्या गणवेशाची पॅन्ट मशीनवर होती. एक पाय शिवून झाला होता, दुसरा घ्यायचा होता. फोन सरस्वतीबाईंचा आला. त्या आमच्या शेजारीण. धम्मशीला त्यांच्याबरोबर बरडावर काटक्या वेचायला जायची.

"मास्टर, वैनी जरा टेकतो म्हणून बसल्या, त्या उठूनच नाई राह्यल्या," त्या म्हणाल्या.

"तोंडावर पाणी मारा."

"मारलं."

मग फोनमध्ये नुसता वारा ऐकू येत होता. डॉक्टरांनी नंतर हृदय बंद पडल्याचं सांगितलं, पण मला ते त्या वाऱ्यातच कळलं होतं. शेजारच्या दुकानातल्या रज्जाकभाईंनी काही न विचारता मोटरसायकल काढली. मी मशीनवरची सुईसुद्धा वर केली नाही, तसाच मागे बसलो.

जळगाव जामोदच्या बाहेर, सातपुड्याच्या अंगाला, मुरमाड बरड आहे. तिथे वनीकरणवाल्यांनी नीलगिरी लावलेली आहे. त्यातल्या एका झाडाला पाठ लावून ती बसली होती. पदर नीट होता. बाजूला कापडी थैली होती आणि तिच्या दोन्ही हातांना तपकिरी रंग लागलेला होता.

"हे थैली त्याईची," सरस्वतीबाई म्हणाल्या. ती थैली त्यांनी रिक्षात स्वतःच्या मांडीवर धरून आणली. घरी कोणीतरी ती मागच्या अंगणात पाण्याच्या टाकीजवळ ठेवली आणि सगळे तिला विसरले.

त्या थैलीत काय होतं ते सांगायला हवं.

नीलगिरीखाली पावसाळ्यात जमिनीतून गोळे निघतात. वरून पाहिलं तर वाळलेलं शेण वाटावं. कोणी त्याला कुत्र्याची छत्री म्हणतं, पण त्याला छत्रीही नसते. पोरं लाथ मारून फोडतात आणि धूळ उडाली की हसतात. मीही तिकडून जाताना ते कधी पाहिले नव्हते, म्हणजे डोळ्यांपुढे होते पण पाहिले नव्हते. धम्मशीलेनेही पाहिले नसते, पण मागच्या वर्षी असा एक गोळा तिच्या पायाखाली फुटला आणि लुगड्याच्या काठाला डाग पडला. तिने तो साबणाने घासला, सोड्याने घासला, लिंबू चोळलं. काठ विरत आला पण डाग होता तिथेच राहिला. ती चिडेल असं मला वाटलं होतं. तिने तो काठ ओट्यावर उन्हात पसरला आणि बराच वेळ पाहत बसली.

"हा डाग नाई," ती म्हणाली. "हा रंग हाय."

शिंप्याच्या घरात चिंध्यांना तोटा नसतो. ती गोळे आणायची, कापायची, जुन्या पातेल्यात उकळायची आणि त्यात चिंध्या सोडायची. ताजा गोळा कापला की आत हरभऱ्याच्या डाळीसारखे पिवळे दाणे काळ्या चिकात बसवलेले दिसत. जुना गोळा आत नुसती भुकटी. सुती कापडावर रंग एकसारखा धरत नव्हता म्हणून ती रज्जाकभाईंकडे गेली. ते रंगारी. ओढण्या, ब्लाउजचं कापड मॅचिंग करून देतात. गिऱ्हाईक ओढणी रंगवायला त्यांच्याकडे देतं आणि ड्रेस शिवायला माझ्याकडे.

"सुताले हिरडा पाजा आधी, मंग तुरटी," रज्जाकभाईंनी सांगितलं. "माह्या आजाच्या टायमाले असं करत. आता कोन करते? पुडी फोडा, मीठ टाका, मोकळे व्हा. वैनी, तुमी काऊन या भानगडीत पडून राह्यल्या?"

"तुमच्या पुडीतला रंग कोन्या झाडाचा असते?" तिने विचारलं.

"पुडीतला रंग दुकानाचा असते."

त्यानंतर आमच्या दोरीवर चिंध्या वाळत राहिल्या. ओल्या मातीचा रंग, गव्हाचा, पिकल्या चिंचेचा. एकच गोळा, पण ताजा असला की वेगळा आणि पिकला की वेगळा. लोखंडाच्या कढईत उकळला की काळपट. एके दिवशी तिने एक चिंधी माझ्यापुढे धरली.

"हा कशाचा रंग हाय, सांगा."

"चहाचा."

"तुमाले चहाच दिसते. जरा विहाराकडं पाहा."

तेव्हा मला दिसलं. तो चीवराचा रंग होता, भिक्खूंच्या अंगावरच्या वस्त्राचा. जुन्या, खऱ्या चीवराचा. दुकानातून प्लास्टिकच्या पिशवीत येणाऱ्या भडक चीवराचा नव्हे.

यंदा आमच्या वस्तीतल्या विहारात एक वयस्क भन्ते वर्षावासाला होते. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत भिक्खू एका जागी राहतात. त्यानंतरच्या महिन्यात कठिन चीवरदान होतं, म्हणजे त्या जागी राहिलेल्या भन्त्यांना लोक चीवर देतात. धम्मशीला मला घेऊन त्यांच्याकडे गेली आणि म्हणाली, "भन्तेजी, यंदाचं चीवर आमी देऊ. शिवतीन हे, रंग देईन मी." आणि तो गोळा तिने पुढे ठेवला.

भन्त्यांनी गोळा हातात घेऊन फिरवला. "चीवराच्या रंगाला नियम आहे," ते म्हणाले. "सहा गोष्टींचा रंग चालतो. मूळ, खोड, साल, पान, फूल आणि फळ. हे यातलं काय आहे?"



"मूळ नाही, खोड नाही, साल नाही," भन्ते स्वतःशीच मोजत होते. "पान, फूल तर नाहीच. फळ म्हणावं तर झाड पाहिजे." गोळा परत ठेवून म्हणाले, "नाही असं मी म्हणत नाही. हो असंही म्हणत नाही. पाहू."

घरी येताना ती सगळ्या रस्त्याने कुरकुरत होती. "सहाच काऊन? सातवं काऊन नाई ठेवलं?"

"तू त्या वेळेस नव्हती म्हणून," मी म्हणालो. तेव्हा हसली.

उत्तर काही आलं नव्हतं. तरी ती गोळे जमवत राहिली, कारण पाऊस संपल्यावर ते मिळणार नव्हते. त्याच कामात ती गेली.

आमची मुलगी समता जालन्याला नर्स आहे. ती आली, राहिली. आम्ही सगळ्यांनी पांढरे कपडे घातले. भन्त्यांनी त्रिशरण पंचशील दिलं. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले आणि मग घर आवरताना समताला ती थैली सापडली. तिने थैलीचं तोंड उघडलं तशी आतून तपकिरी धूळ उठली, धुरासारखी. गोळे आतल्या आत फुटले होते.

"बाबा, हे फेकू?"

"नको."

तिच्या पांढऱ्या ओढणीवर ती धूळ बसली. तिने ओढणी धुतली, वाळत टाकली. संध्याकाळी मी दोरीकडे पाहिलं तर ओढणीवर हाताएवढा सोनेरी पट्टा होता. उन्हात तो चमकत नव्हता, नुसता होता, कापडाचाच असल्यासारखा. मी तिथे उभा राहिलो. धम्मशीला गेल्यापासून मी रडलो नव्हतो असं नाही, पण काही पाहिलं नव्हतं. ते पहिल्यांदा पाहिलं.

"मी चीवर करणार," मी म्हणालो.

"तुमाले रंगवता येते?"

"नाई."

"मंग?"

"शिवता येते."

समताने ओढणी दोरीवरून काढली. नंतर म्हणाली, "अन भन्तेजी नाई म्हणले तर?"

 धम्मशीलेने विहारात सगळ्यांसमोर सांगितलं होतं की यंदाचं चीवर ती देईल. ते दुसऱ्या कोणी दुकानातून आणून दिलं असतं तर कोणी काही बोललं नसतं. पण तिचा शब्द रिकामा राहिला असता. मला बाकी काही नको होतं. तिच्या रंगाचं चीवर भन्त्यांच्या अंगावर पाहायचं होतं.

दुकान उघडलं तेव्हा थैलीत अख्खा राहिलेला एक गोळा मी सोबत नेला आणि काउंटरवर ठेवला. का ते सांगता येणार नाही. कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवणाऱ्या अर्पिता मॅडम त्यांचे ब्लाउज न्यायला आल्या. धम्मशीलेबद्दल त्यांनी ऐकलं होतं. दोन शब्द बोलल्या आणि मग त्यांची नजर काउंटरवर गेली.

"मास्टर, हे कुठे मिळालं?"

"बरडावर. नीलगिरीखाली."

"हे इथे काय करतंय?"

मी सगळं सांगितलं. रंग, भन्ते, सहा गोष्टी. त्या ब्लाउज विसरल्या. स्टूल ओढून बसल्या.

"ही बुरशी आहे," त्या म्हणाल्या. "भाकरीवर येते तशी नाही, पण त्याच जातकुळीतली. यापासून रंग करतात हे मी वाचलं होतं. आपल्याकडे कोणी केल्याचं पाहिलं नव्हतं." मग थोड्या वेळाने, "भन्तेजींनी विचारलं ना, याचं झाड कुठे आहे म्हणून? रविवारी चला माझ्याबरोबर. तोंडाने सांगण्यात अर्थ नाही."

रविवारी समता, मी आणि मॅडम बरडावर गेलो. धम्मशीला जिथे बसली होती ते झाड मी ओळखलं. मी दुसऱ्या झाडाकडे वळत होतो, पण गोळे त्याच झाडापाशी जास्त होते. मॅडमना ते माहीत नव्हतं. त्या नेमक्या तिथेच खाली बसल्या आणि खुरप्याने मुरूम खरवडू लागल्या. समताने माझ्याकडे पाहिलं. मी हाताने खूण केली, असू दे.

मुरूम कठीण होता. एक गोळा तर मुरमाचा चपटा दगड डोक्यावर उचलूनच वर आला होता. हाताने दाबला तर दबणारा तो गोळा. त्याने तो दगड कसा उचलला ते मला अजून समजलेलं नाही.

"परदेशात याने डांबरी रस्ता फोडलेला आहे," मॅडम म्हणाल्या. "घाई करत नाही, म्हणून जमतं." मग त्यांनी हात थांबवला. "हे बघा."

गोळ्याच्या बुडाशी धागे होते. मोहरीसारखे पिवळे. मी आयुष्यभर दोऱ्यांत बसलो आहे. चाळीस नंबर, साठ नंबर, रेशमाची गुंडी, सगळं हाताळलं आहे. एवढा बारीक धागा मी पाहिला नव्हता. मॅडम अगदी हळू माती बाजूला करत गेल्या आणि धागे संपेनात. ते नीलगिरीच्या मुळाकडे गेले. मुळाच्या टोकाला धाग्यांनी कापडासारखं गुंडाळलं होतं, एकही जागा उघडी न ठेवता. तिथून पुढे निघाले आणि शेजारच्या झाडाकडे गेले.

"हे त्याचं शरीर," मॅडम म्हणाल्या. "सगळं जमिनीत. किती लांब गेलं असेल मला सांगता येणार नाही. या मुरमात पाणी नाही, खत नाही, तरी झाडं उभी आहेत. हे धागे दूरवरून पाणी आणि क्षार आणून मुळांना देतात. झाडं त्यांना साखर देतात. उन्हाळ्यात, हिवाळ्यात, आपल्याला काहीच दिसत नाही तेव्हाही हे चालू असतं."

"मंग हा गोळा?" समताने विचारलं.

"ते फळ. पावसात येतं, पिकतं, फुटतं. भुकटी म्हणजे बी समजा. वाऱ्यावर जाते."

मी जमिनीवर बसलो.  त्या झाडाला पाठ लावून मी बसलो होतो आणि माझ्याखाली, मुरमाखाली, ते चाललं होतं. ती बसली होती तेव्हाही चाललं होतं. ती थांबली तेव्हा थांबलं नव्हतं. मला याचं वाईट वाटायला हवं होतं की काय ते माहीत नाही. मला वाईट वाटलं नाही. एखाद्या फार मोठ्या घरात आपण चुकून आलो आहोत आणि घरातली माणसं आपापल्या कामात आहेत, असं काहीतरी वाटलं.

"बाबा, उठा," समता म्हणाली. "मुंग्या हायत."

भन्त्यांना मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकलं आणि म्हणाले, "मला दाखवा." सकाळचं भोजन झाल्यावर ते माझ्याबरोबर चालत आले. ऊन होतं, रस्ता चढाचा. मी रिक्षा बोलावतो म्हणालो तर नको म्हणाले. मॅडमनी दाखवलं तसं मी खुरप्याने उकरलं. माझा हात त्यांच्याइतका हलका नव्हता, दोनचार धागे तुटले. भन्ते उकिडवे बसले आणि पाहत राहिले. इतका वेळ की मला वाटलं त्यांना उठवावं लागेल.

"उपासक, झाकून टाका," शेवटी ते म्हणाले. "उघडं राहिलं तर वाळेल."

मी माती लोटली. वरून पाला टाकला.

"फळ आहे," ते म्हणाले. "चालेल."

आम्ही उतरू लागलो. अर्ध्या वाटेत ते थांबले. "त्यांना सांगायला हवं होतं," ते म्हणाले. "मी उशीर केला."

"हाव," मी म्हणालो. खोटं कशाला बोलू.

चीवर शिवणं सोपं वाटतं, तसं नसतं. अखंड कापड चालत नाही. तुकडे कापायचे आणि पट्ट्यापट्ट्यांनी जोडायचे. प्रत्येक पट्ट्यात लांब तुकडा, आखूड तुकडा, मध्ये दुमडीची शिवण. भन्त्यांनी मला त्याची गोष्ट सांगितली. भगवान बुद्धांनी उंचावरून भाताची शेतं पाहिली, चौकोन आणि त्यांच्यामधले बांध, आणि आनंदाला म्हणाले की चीवर असं करता येईल का. तेव्हापासून चीवर शेतासारखं. आधी कापायचं, मग शिवायचं आणि सगळ्यात शेवटी रंगवायचं, हा क्रम.

मी भन्त्यांचं माप घेतलं. पांढरं सुती कापड आणलं. गणवेशाची कामं बाजूला ठेवून चीवर मशीनवर घेतलं. गिऱ्हाईक ओरडलं, मी ऐकून घेतलं. माझी शिवण सरळ असते, एवढं मी स्वतःबद्दल म्हणू शकतो. त्या चीवराएवढी सरळ शिवण मी कधी घातली नाही.

रंगवायचं काम चीवरदानाच्या आदल्या दिवशी रज्जाकभाईंच्या मागच्या आवारात ठरलं. त्यांनी मोठं पातेलं घासून ठेवलं होतं. कापडाला हिरडा आणि तुरटी देऊन झाली होती. चूल पेटली, पाणी तापलं आणि समताने थैली पातेल्यात रिकामी केली.

भुकटी बुडाली नाही. पाण्यावर तरंगत राहिली, गोधडी पसरावी तशी. रज्जाकभाईंनी काठीने ढवळली. ती बाजूला झाली आणि परत जमली. मी हात घातला. मनगटापर्यंत पाण्यात गेला, मला पाण्याची ऊब लागली, आणि बाहेर काढला तर हात कोरडा. वर भुकटीचा मोजा चढलेला आणि आत एक थेंब नाही.

"पुन्हा घाला," रज्जाकभाई म्हणाले.

मी पुन्हा घातला. पुन्हा कोरडा. मग त्यांनी स्वतः घातला. हात बाहेर काढून पाहत राहिले. पन्नास वर्षांचा रंगारी, कोपरापर्यंत रंगात गेलेलं आयुष्य.

"या अल्ला," ते हळू म्हणाले. "हे तं पाण्याले ओळखच देऊन नाई राह्यलं."

"आईनं कसं केलं असन?" समता म्हणाली.

कोणालाच माहीत नव्हतं. तिने चिंध्या रंगवल्या तेव्हा मी दुकानात असायचो. समताने रिठे आणले, फेस करून ओतला, आणि रज्जाकभाईंनी जाळ वाढवला. पाणी खळखळू लागलं तसे भुकटीच्या गोधडीत भोकं पडायला लागली. मग एकदम, पाहता पाहता, ती सगळी आत गेली. वास आला तो नांगरटीनंतरच्या मातीचा. पाणी काळं झालं. काठीवर घेऊन उजेडात धरलं तर काळं नव्हतं. त्याच्या कडेला सोनं होतं.

चीवर आत सोडलं. रज्जाकभाई ते काठीने वरखाली करत होते आणि बोलत होते. "पुडीचा रंग कसा, टाकला की कापडावर धावून जाते. हा तं पाहुणा हाय. दारात उभा राहून पाहून राह्यला, येऊ का नको येऊ."

"तुमी जरा गप्प बसा, मंग येईन तो," समता म्हणाली.

"पोरगी आईवर गेली, मास्टर."

दुपार कलली तेव्हा चीवर बाहेर काढलं, पिळलं, सावलीत दोरीवर टाकलं. रंग आला होता. मला तो कशासारखा होता ते लिहिता येत नाही. धम्मशीलेने दाखवलेल्या चिंधीसारखाच होता, पण ती चिंधी हाताएवढी होती आणि हे दोरीभर होतं. जमिनीतून तो निघाला आणि बरडावर कोणी त्याला लाथेपलीकडे विचारलं नव्हतं, एवढंच मला सारखं वाटत होतं.

मग कापड वाळू लागलं आणि रज्जाकभाई जवळ गेले. त्यांनी एक शिवण बोटांत धरली.

"मास्टर. दोरा कोनता घातला?"

मी पाहिलं. प्रत्येक शिवण पांढरी होती. पट्ट्यांच्या कडा, दुमडी, काठ, सगळीकडे पांढरी रेघ. माझ्या लक्षात यायला क्षण लागला नाही. मशीनवर जी रीळ कायम असते तीच होती. पॉलिस्टरची. गणवेश फाटू नयेत म्हणून आम्ही सगळे तीच वापरतो. तो दोरा असा रंग घेतच नाही. मी कापड सुती आणलं, दोनदा तपासलं, आणि दोऱ्याकडे पाहिलंही नाही, कारण शिंप्याला दोरा बदलायची आठवण फक्त रंग बदलला की होते. कापड पांढरं होतं, दोरा पांढरा होता.

"तुमी टेलर हा का शिकाऊ पोरगा?" रज्जाकभाई म्हणाले. "इतके वर्सं माह्या भिंतीले भिंत लावून बसले. फॉल लावलेली साडी माह्याकडं आली तर मी आधी दोरा पाहातो."

"मंग हिरडा देताना काऊन नाई पाहिला?"

"तुमच्या शिवणीवर इमान होतं म्हणून."

मी उसवायला घेतलं. सुईच्या टोकाने एक टाका काढला, दोन काढले. दुमडीच्या आत कापड फिकं होतं, रंग तिथे पोचला नव्हता. सगळं उसवून सुती दोऱ्याने शिवायचं, पुन्हा रंगात घालायचं, वाळवायचं. सकाळी कार्यक्रम होता. समता आणि मी मिळून चीवर दोरीवरून काढलं आणि कुठून सुरुवात करावी ते पाहायला आवारातल्या स्वच्छ पत्र्यावर पसरलं.

तिघेही उभे राहिलो.

सातपुड्याच्या चढावर थोडं वर गेलं की खाली आपला मुलूख दिसतो. पिकं निघालेली असली की तपकिरी चौकोन आणि त्यांच्यामध्ये उन्हात पांढरे पडलेले बांध. चीवर तसं दिसत होतं. मी शेतं शिवली होती आणि बांध रंगले नव्हते. भन्त्यांनी गोष्ट सांगितली तेव्हा मला ती नुसती गोष्ट वाटली होती.

रज्जाकभाईंनी टोपी काढली, डोकं पुसलं, पुन्हा घातली.  

"आईले आवडलं असतं?" समताने विचारलं.

"भांडली असती," मी म्हणालो. "मंग पाहत बसली असती."

आम्ही ते तसंच घडी केलं.

दुसऱ्या दिवशी विहार भरला होता. बाहेरून आणखी भन्ते आले होते. त्यांच्यात एक फार वृद्ध होते, त्यांना दोघांनी धरून बसवलं. सरस्वतीबाई पुढेच बसल्या होत्या. अर्पिता मॅडम दाराशी उभ्या होत्या, माझ्याच हातचा ब्लाउज घालून. रज्जाकभाई मागे भिंतीला टेकले होते. माझी पाळी आली तेव्हा मी चीवर दोन्ही हातांवर धरून गेलो आणि ठेवण्याआधी बोललो, कारण नंतर कोणी पाहून विचारावं हे मला नको होतं.

"भन्तेजी, रंग धम्मशीलेचा हाय. शिवण माही हाय. शिवण रंगली नाई. दोरा चुकला."

आमच्या भन्त्यांनी चीवर उलगडलं आणि वृद्ध भन्त्यांपुढे पसरलं. लोक मान उंच करून पाहू लागले. कुजबूज झाली. वृद्ध भन्त्यांनी तळहात कापडावरून फिरवला, एका बांधावरून दुसऱ्या बांधापर्यंत.

"कशाचा रंग?" त्यांनी विचारलं.

"फळाचा," आमचे भन्ते म्हणाले.

"कोणत्या झाडाचं?"

भन्त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं. झाड नाही, धागे आहेत, जमिनीत आहेत, झाडांना धरून आहेत, कुठवर गेले ते माहीत नाही. जसं पाहिलं तसं सांगितलं. मला भाषण येत नाही. 

वृद्ध भन्त्यांनी एक शिवण बोटांत धरून पाहिली. मग म्हणाले, "रंग योग्य आहे. घ्या." आणि माझ्याकडे वळून, "दोरा मात्र रंगलेला हवा. आज असू दे. पण पांढरा राहू देऊ नका."

सगळ्यांनी 'साधु, साधु' म्हणत साधुकार दिला. आमच्या भन्त्यांनी आत जाऊन ते चीवर अंगावर घेतलं आणि बाहेर उन्हात आले. सरस्वतीबाईंनी पदर तोंडाला लावला. मी रडलो नाही. मी पाहत होतो. ते चालले तसे अंगावरचे बांध हलत होते, आणि त्यांच्या पायाखालची जमीन आणि अंगावरचं कापड एकाच रंगाचं होतं.

वर्षावास संपला की भन्ते एका जागी राहत नाहीत. ते आता देऊळगाव राजाकडच्या एका विहारात आहेत, चीवर त्यांच्या अंगावर आहे. रज्जाकभाईंनी उरलेलं पाणी ठेवलं होतं. त्यात मी सुती दोरा रंगवला आणि रिळावर गुंडाळला. समता फोनवर विचारते, "भन्तेजींकडं गेले का, बाबा?" मी म्हणतो, जाईन. गणवेश झाले, लग्नसराईची कामं झाली, दोरा तयार आहे. चीवर उसवून पुन्हा शिवायचं राहिलं आहे.